पांढऱ्या केसांवरची मेंदी आणि नीळ

मेंदीने पांढरे केस नारिंगी होतात आणि काळ्या केसांवर मात्र जेमतेम तांबूस झाक येते, याचा दोष बहुधा मेंदीला दिला जातो. तो योग्य नाही. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य केसांतील केराटिन या प्रथिनाशी जोडले जाते, परंतु केसांचे मूळचे मेलॅनिन (नैसर्गिक गडद रंगद्रव्य) काढून टाकत नाही. पांढऱ्या केसांत मेलॅनिन जवळजवळ नसल्यामुळे तेथे लॉसोनचा नारिंगी रंग उघडा पडतो.

तो गडद करण्यासाठी मेंदीनंतर नीळ लावतात. (ही निळीच्या झाडाच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ केसांना लावू नये.) या पानांत तयार निळा रंग नसतो, तर इंडिकन हे रंगहीन संयुग असते. पूड पाण्यात कालवताच पानांतील विकरामुळे (एन्झाइममुळे) त्यापासून इंडॉक्सिल सुटते आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा निळा इंडिगो बनतो. इंडिगो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो भांड्यातच तयार झाला तर केसांत शिरत नाही. मेंदी काही तास भिजवावी लागते, पण नीळ मात्र म्हणूनच कालवल्यावर 10 ते 15 मिनिटांत लावावी लागते. दोन्ही एकत्र रात्रभर भिजवली, तर निळीचा बराचसा भाग वाया जातो.

केस धुतल्यावर दिसणाऱ्या हिरवट छटेने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण हे ऑक्सिडीकरण पुढेही एक-दोन दिवस चालू राहते. तोवर शाम्पू टाळावा. त्यानंतरही हिरवटपणा राहिला, तर खालचा मेंदीचा थर कमी पडला असे समजून पुन्हा मेंदी लावावी, कारण तांबडा रंग हिरव्याला मारतो. नारिंगी उरला असेल, तर नीळ पुन्हा लावावी.

त्याच दिवशी वरून रासायनिक कलप लावणे ही मात्र खरी जोखीम आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात; कलपातील हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची अभिक्रिया होऊन उष्णता निर्माण होते आणि केस तुटू शकतात. विंचरताना गळलेल्या केसांची बट कलपाच्या मिश्रणात बुडवून आधी पाहावी. अशा काही पुड्यांत आणि बऱ्याच काळ्या कलपांत पॅरा-फिनिलिनडायअमाइन असते, ज्याची तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. त्यामुळे 48 तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा कलप लावून चाचणी घ्यावी. कलपाने केस फारच काळे झाले, तर वरून फिकट कलप लावून उपयोग होत नाही, कारण तो नैसर्गिक मेलॅनिन थोडे उजळवतो, आधीचा कृत्रिम रंग नव्हे.