बेलरमध्ये शिकून डॉक्टर व्हायचं असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि तारखा

टेक्सासमधल्या मराठी घरांत मूल बारावीला आलं की एक प्रश्न हमखास निघतो. "बेलरला घातलं की पुढे बेलरच्याच मेडिकलला जागा मिळते ना?" नाव एक असलं तरी संस्था दोन आहेत. वेकोचं बेलर विद्यापीठ हे १८४५ सालचं, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं विद्यापीठ. ह्यूस्टनचं बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन १९६९ साली त्यापासून वेगळं झालं. तेव्हा नुसत्या नावावर तिथे जागा मिळत नाही.

दुसरा गैरसमज 'प्री-मेड' या शब्दाचा. भारतात बारावी झाली, नीट दिली की एमबीबीएस. इथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. प्री-मेड ही पदवी नव्हे, ती तयारी आहे. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, इतिहास असो की संगीत, ठरावीक विषय पूर्ण झाले की अर्ज करता येतो. मुलीला इतिहासाची ओढ असेल तर तिला जबरदस्तीने बायोलॉजीत बसवू नका. आवडीच्या विषयातले चांगले गुण शेवटी अर्जालाच उपयोगी पडतात.

ख्रिस्ती असणं गरजेचं आहे का?

बेलरमध्ये नाही. तिथे सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. सगळीकडे मात्र असं नाही. कॅलिफोर्नियातलं बायोला विद्यापीठ पदवीच्या विद्यार्थ्यांकडून ख्रिस्ती श्रद्धेची अपेक्षा ठेवतं, आणि इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात आचरणाच्या करारावर सही करावी लागते. प्रवेश घेण्याआधी हे वाचा आणि घरात मोकळेपणाने बोला. मनाविरुद्ध सही करू नये.

बेलरमध्ये बायबलचा एक आणि ख्रिस्ती परंपरेचा एक असे धर्माचे दोन अभ्यासक्रम सर्वांना घ्यावे लागतात, शिवाय चॅपलची, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या तासाची, दोन सेमिस्टर. मेडिकलच्या अर्जात धर्माच्या विषयाचे गुण एकूण जीपीएत (गुणांच्या सरासरीत) धरतात, विज्ञानाच्या जीपीएत धरत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका, आणि त्यांच्या जोरावर केमिस्ट्रीतली घसरण भरून निघेल अशी आशाही नको. हे विषय ओझं मानणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि दुःख, मृत्यू, करुणा यांवरचं तिथलं वाचन पुढे मुलाखतीत मनापासून मांडणारीही पाहिली आहेत. ज्या घरात रोज संध्याकाळी समई लागते, तिथल्या मुलाला हे वाचन परकं वाटायचं कारण नाही.

पात्रता: आधी व्हिसा, मग गुण

टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलांमध्ये कायद्याने सुमारे ९० टक्के जागा राज्याच्या रहिवाशांसाठी आहेत. रहिवासी ठरणं ही इथली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, तेव्हा त्याचे पुरावे वेळेत जमवा.

एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाढलेल्या मुलांच्या पालकांनी इथे नीट लक्ष द्यावं. मूल २१ वर्षांचं झालं की त्या व्हिसातून बाहेर पडतं, म्हणजे नेमकं पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात, अर्जाच्या तोंडावर. मग बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो आणि मेडिकलच्या अर्जात ते मूल परदेशी विद्यार्थी ठरतं. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांना अनेक मेडिकल स्कूलं घेतच नाहीत. काही घेतात, पण फीची रक्कम आगाऊ बाजूला ठेवायला सांगतात. एफ-१ वर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, शैक्षणिक कर्जही मिळत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाकडे मूल १८-१९ वर्षांचं असतानाच जा.

फेडरल कर्ज मिळू शकणाऱ्यांसाठीही नियम बदलले आहेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज बंद. मेडिकलसारख्या शिक्षणासाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर.

विषयांचं म्हणाल तर बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, इंग्रजी, आणि टेक्सासात स्टॅटिस्टिक्सही. प्रत्येकात निदान सी श्रेणी हवी. सी-मायनस चालत नाही. भारतातल्या कॉलेजात केलेले विज्ञानाचे विषय बहुतेक ठिकाणी यात धरत नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईहून बीएस्सी करून आलेल्यांनाही इथे काही अभ्यासक्रम पुन्हा करावे लागतात.

एमकॅट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा ४७२ ते ५२८ गुणांच्या मोजपट्टीवर असते. चार विभाग, जाण्यापासून सुटण्यापर्यंत साधारण साडेसात तास, आणि निकालाला सुमारे महिना. आयुष्यात सातदाच देता येते आणि दिलेली प्रत्येक खेप मेडिकल स्कूलांना दिसते. 'एकदा सहज देऊन बघू' हा विचार डोक्यातून काढून टाका.

कागदपत्रं

टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलांसाठी टीएमडीएसएएस या सेवेतून एकच अर्ज. डेंटल आणि पशुवैद्यकीचे अर्जही तिथूनच होतात. राज्याबाहेरच्या, एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या बहुतेक मेडिकल स्कूलांसाठी ॲमकास ही तशीच अर्जसेवा. तिथे आत्मनिवेदनाला ५,३०० अक्षरं आणि अनुभवांना १५ रकाने मिळतात. १५ भरलेच पाहिजेत असं नाही. तीन वर्षं एकाच वृद्धाश्रमात दर शनिवारी गेल्याची एक नोंद दहा किरकोळ नोंदींपेक्षा वजनदार ठरते.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, प्रत्येक कॉलेजचं लागतं, आणि घोळ होतो तो इथेच. माझ्या भाचीने हायस्कूलमध्ये असताना गावातल्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीचा एक ड्युअल क्रेडिट (हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जाणारा) वर्ग केला होता. त्या कॉलेजचं वेगळं ट्रान्सक्रिप्ट मागवायचं राहून गेलं आणि तिचा अर्ज तीन आठवडे पडताळणीत अडकला. एकच वर्ग केला असेल तरी त्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागवाच.

शिफारसपत्रांसाठी विद्यापीठाच्या प्री-हेल्थ (मेडिकलच्या तयारीचा सल्ला देणाऱ्या) कार्यालयात दुसऱ्याच वर्षी जाऊन विचारा: इथे कमिटीचं एकत्रित पत्र मिळतं की प्राध्यापकांची स्वतंत्र पत्रं लागतात? पत्र वाचण्याचा आपला हक्क सोडल्याची सही करा. न सोडल्यास पत्राचं वजन कमी होतं. डॉक्टर काकांचं पत्र घेऊ नका, नात्यातल्या माणसाच्या शब्दाला इथे किंमत नाही.

सेवा कुठे आणि कशी

ख्रिस्ती विद्यापीठांत वैद्यकीय मिशनच्या परदेशवाऱ्या निघतात. मिशन आणि दवाखाना हे नातं आपल्याला नवं नाही. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल ठाऊक नसलेलं घर दक्षिण महाराष्ट्रात सापडणार नाही. या वाऱ्यांतून मुलं खरंच पुष्कळ शिकतात. पण अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलांच्या संघटनेचा, एएएमसीचा, सल्ला स्पष्ट आहे: जे काम इथे परवान्याशिवाय करता येत नाही, ते दुसऱ्या देशातही करायचं नाही. हाच नियम सुट्टीत सांगली-साताऱ्याला मामाच्या दवाखान्यात बसणाऱ्या मुलांनाही लागू. टाके घातले, इंजेक्शन दिलं असं अर्जात अभिमानाने लिहिलं तर अर्ज तिथेच बुडू शकतो. पेशंटचा नंबर लावला, आजीबाईंशी मराठीत बोलून त्यांची भीती घालवली, हे लिहा. ते खरं असतं आणि वाचणाऱ्यापर्यंत पोचतं.

तारखा

ऑगस्ट २०२८ मध्ये मेडिकलला जायचं असेल तर अर्ज मे २०२७ मध्ये, म्हणजे पदवीचं तिसरं वर्ष संपताना. एमकॅट त्याआधी, मार्च-एप्रिलपर्यंत झालेली बरी. दोन्ही अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतात. टीएमडीएसएएसची मुदत शरद ऋतूत संपते, पण मुलाखती आधीच सुरू झालेल्या असतात, म्हणून जूनपर्यंत अर्ज गेलेला बरा. ॲमकासची पडताळणी गर्दीच्या दिवसांत सहा आठवड्यांपर्यंत लांबते. टेक्सासच्या रहिवाशांना ऑक्टोबरच्या मध्यापासून थेट प्रवेशाचे देकार येऊ लागतात.

मेडिकलऐवजी वकिलीकडे वळणाऱ्यांचं काम सुटसुटीत आहे. ठरावीक विषयांची अट नाही. एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा १२० ते १८० गुणांची, आणि ऑगस्ट २०२४ पासून तिच्यातला तर्ककोड्यांचा विभाग काढून टाकलेला आहे, त्यामुळे जुनी पुस्तकं विकत घेऊ नका. ट्रान्सक्रिप्ट आणि पत्रं एलसॅक या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या एकाच खात्यातून सगळ्या लॉ स्कूलांना जातात. आणि बेलरचं लॉ स्कूल मात्र खरोखरच बेलर विद्यापीठाचं आहे, वेकोतच.