आंगलिरूवर सेकंदांचा भाव

टीव्हीवर दोन सायकलपटूंमध्ये जेमतेम वीस-बावीस मीटर दिसतात. मागचा आता गाठतोच, असं वाटतं. समालोचक मात्र सांगतो की फरक नऊ सेकंदांचा आहे, आणि त्याचं बरोबर असतं. कारण त्या जागी जगातले सर्वांत तगडे घाटवीर ताशी आठ किलोमीटरच्या आसपास सरकत असतात. बागेत जॉगिंग करणाऱ्या काकांचा वेगही साधारण एवढाच. सपाटीवरची एखादी टोळी तेवढंच अंतर दोन सेकंदांत कापते. इथे त्याला नऊ लागतात, आणि तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल कधी कधी नऊ सेकंदांहून कमी फरकावर लटकलेला असतो.

ही जागा म्हणजे स्पेनच्या उत्तरेकडच्या अस्तुरियास प्रांतातला आंगलिरू घाट. लांबी सुमारे साडेबारा किलोमीटर, चढण साडेबाराशे मीटरच्या वर. सरासरी काढली तर १० टक्के येते, पण आंगलिरूची सरासरी फसवी आहे. पहिले पाचेक किलोमीटर कुठल्याही अवघड घाटासारखे. मग जरा सपाटी, श्वास घेण्यापुरती. आणि त्यानंतरचे शेवटचे सहा किलोमीटर जवळपास १३ टक्क्यांचे. त्यातच माथ्याच्या सुमारे तीन किलोमीटर अलीकडे कुएन्या लेस काब्रेस नावाचा तुकडा आहे. काब्रेस म्हणजे शेळ्या. रस्ता कुणाच्या सोयीचा आहे ते नावातच आलं. तिथे चढ साडेतेवीस टक्क्यांवर जातो, म्हणजे आडव्या शंभर मीटरला साडेतेवीस मीटर वर. ज्यांनी सिंहगडाच्या रस्त्यावर सायकल चढवली आहे, त्यांनी तिथलं सर्वांत खडं वळण आठवावं आणि ते संपतच नाही अशी कल्पना करावी.

वुएल्ता, म्हणजे स्पेनची मोठी सायकल शर्यत, इथे पहिल्यांदा आली १९९९ मध्ये. २००२ साली पावसात संघांच्या गाड्याच चढावर अडकून पडल्या. त्या दिवशी डेव्हिड मिलर हा ब्रिटिश सायकलपटू अंतिम रेषेच्या एक मीटर अलीकडे थांबला, अंगावरचा नंबर काढून देऊन टाकला आणि रेषा न ओलांडता शर्यतीतून बाहेर पडला. निषेधाची इतकी नेमकी जागा क्वचितच कुणी निवडली असेल.

अशा घाटावर कोण, कधी बाकीच्यांना मागे टाकून सुटणार, हे आधी सांगता येतं का? माझं मत असं की इतर बहुतेक शर्यतींपेक्षा इथे ते जास्त चांगलं सांगता येतं. कारण चढ जितका खडा, तितका डावपेचांचा एक मोठा हिस्सा गळून पडतो. तो हिस्सा म्हणजे वारा.

सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाने जाताना ताकदीचा जवळजवळ नऊ दशांश भाग हवा कापण्यात जातो. म्हणून तिथे दुसऱ्याच्या चाकामागे बसण्याला, ड्राफ्टिंगला, सोन्याचं मोल. आता चढावर या. समजा, ६२ किलोचा सायकलपटू आहे, सायकल-कपडे-पाणी मिळून आणखी आठ किलो, आणि तो ३७० वॅटने पेडल मारतोय. (आकडे कुणा एकाचे मोजलेले नाहीत, भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्रात घालून कागदावर काढलेले आहेत.) ५ टक्के चढावर त्याचा वेग ताशी २६-२७ किलोमीटर येतो आणि ८५ वॅटच्या आसपास हवेला जातात. १० टक्क्यांवर वेग १७, हवेचा वाटा फक्त २३ वॅट. साडेतेवीस टक्क्यांवर वेग आठ आणि हवेला जातात जेमतेम दोन-अडीच वॅट. मागे बसून त्यातला तिसरा हिस्सा वाचला असं धरलं, तर ५ टक्क्यांवर मागच्याला २८ वॅटचा आराम आहे आणि कुएन्या लेस काब्रेसवर एक वॅटसुद्धा नाही. बाकी सगळं गुरुत्वाकर्षण घेऊन जातं, आणि ते पुढच्या-मागच्यात भेद करत नाही.

मग प्रश्न पडतो की आंगलिरूवरही मोठे संघ आपल्या मदतनिसांची रांग पुढे लावून जोर का काढतात? हवा अडवायची नाही, तर रांग कशाला?

उत्तर शरीरात आहे. प्रत्येकाची एक मर्यादा असते. तिच्या खाली तो बराच वेळ टिकतो, आणि तिच्या वर गेला की मोजका साठा खर्ची पडू लागतो. शास्त्रज्ञ या मर्यादेला क्रिटिकल पॉवर म्हणतात. वरच्या साठ्याला मी गल्ला म्हणतो. आपल्या ६२ किलोच्या गड्याची मर्यादा ३६० वॅट आणि गल्ला १८ किलोज्यूल धरू. ३७० वॅटची रांग चालली तर तो मर्यादेच्या फक्त दहा वॅट वर आहे. दहा वॅट म्हणजे काहीच नाही, एका छोट्या एलईडी दिव्याएवढे. पण मिनिटाला ६०० ज्यूल जातात. १३ टक्क्यांचे ते सहा किलोमीटर चढायला सुमारे २६ मिनिटं लागतात. तेवढ्यात गल्ल्यातले साडेपंधरा किलोज्यूल गेले. उरले अडीच.

आता सुटायचा भाव बघा. रांगेपेक्षा १० टक्के जास्त जोर लावला, तर चढावर वेगही जवळजवळ १० टक्क्यांनी वाढतो आणि दहा सेकंदांची आघाडी मिळवायला सुमारे शंभर सेकंद तो जोर टिकवावा लागतो. रांगेच्या वर ३७ वॅट, शंभर सेकंद, म्हणजे ३.७ किलोज्यूल. गल्ल्यात अडीचच आहेत! रांगेचं काम हवा अडवण्याचं नव्हतंच. सुटण्याचा भाव वाढवून ठेवण्याचं होतं. कुणी अटॅक करत नाही म्हणून सोफ्यावरचा प्रेक्षक कंटाळतो, पण तेव्हा प्रत्येकाचा खिसा सावकाश कापला जात असतो.

आणखी एक गोष्ट. गल्ला पुन्हा भरतो तो मर्यादेच्या खाली आल्यावरच, आणि तोही हळूहळू. सपाटीवर किंवा उतारावर पाय थांबवून दम खाता येतो. साडेतेवीस टक्क्यांवर पाय थांबले की सायकलच थांबते. इथे सर्वांत हलका गिअर टाकूनही पेडलचे फेरे मिनिटाला साठाच्या आसपासच पडतात, त्यामुळे एकदम उसळी मारायला पायांत फिरकीही उरत नाही. म्हणून आंगलिरूवर पकडला गेलेला अटॅक हा निव्वळ तोटा. पैसे गेले आणि वस्तूही मिळाली नाही.

२०१३ मध्ये हे उघड्यावर दिसलं. शर्यतीचा शेवटून दुसरा दिवस. अमेरिकेचा ख्रिस हॉर्नर लाल जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे, वय ४१. तीन सेकंद मागे इटलीचा विन्चेन्झो निबाली, २८ वर्षांचा आणि त्याच वर्षी जिरो, म्हणजे इटलीची मोठी सायकल शर्यत, जिंकलेला. तीन सेकंद भरून काढायचे म्हणजे एक अटॅक यशस्वी व्हायला हवा, एवढंच. निबालीने एक नाही, पुन्हा पुन्हा अटॅक केले. हॉर्नर दर वेळी थोडा मागे पडायचा, मग उभ्यानेच पेडल मारत, घाई न करता, परत यायचा. निबाली उधळत होता, हॉर्नर हप्त्याने खर्च करत होता. शेवटच्या खड्या भागात निबालीचा गल्ला संपला आणि म्हातारा पुढे निघून गेला. फ्रान्सचा केनी एलिसॉन्द दिवस जिंकला, हॉर्नर दुसरा, निबाली त्याच्या २८ सेकंद मागे. आधीचे ३, हे २८ आणि दुसऱ्या क्रमांकाचा ६ सेकंदांचा बोनस. एकूण फरक ३७.

या बोनसकडे फार थोडे प्रेक्षक लक्ष देतात. माथ्यावर पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात. हिशेब करणाऱ्याला हे आकडे पाठ हवेत, कारण मागचा किती मागे आहे यावरून त्याला माथ्यावर काय हवं ते ठरतं. तीन सेकंदांनी मागे असलेल्याला सोबत राहून रेषेवर डोकं पुढे काढलं तरी पुरतं. मिनिटभर मागे असलेल्याला मात्र शेवटच्या सहा किलोमीटरच्या सुरुवातीलाच जुगार खेळावा लागतो. पुढे असलेल्याला तर काहीच करायचं नसतं, फक्त मागच्याच्या चाकाला डोळे चिकटवायचे.

एवढा हिशेब मांडूनही २०२३ मध्ये सगळ्यांचे अंदाज गडबडले, आणि त्याला वॅट जबाबदार नव्हते. क्रमवारीत पहिले तिघे एकाच संघाचे, युम्बो-विस्माचे. सेप कुस लाल जर्सीत, योनास विंगेगोर २९ सेकंद मागे, प्रिमोझ रोग्लिच तिसरा. त्याच वर्षी जिरो रोग्लिचने जिंकली होती, टूर द फ्रान्स विंगेगोरने, आणि दोन्हीकडे कुस त्यांच्यासाठी राबला होता. सूत्राला वाटलं असतं की तिघे एकत्र वर जातील; कुणालाही कुणावर अटॅक करायची गरज नाही. माथ्याला दोनेक किलोमीटर उरले असताना रोग्लिचने वेग वाढवला, विंगेगोर त्याच्या चाकावर राहिला आणि कुस मागे पडला. निष्ठेसाठी मात्र कुठलंच एकक नाही.

त्या दिवशीचा कुस मला जवळून बघण्यासारखा वाटतो. त्याच्या सोबत उरला होता स्पेनचा मिकेल लांदा, दुसऱ्या संघाचा, आणि दोघांनी मिळून अंतर आवाक्यात ठेवलं. माथ्यावर रोग्लिच पहिला, विंगेगोर त्याच्याच वेळेत दुसरा. कुस १९ सेकंदांनी आला, पण लांदाच्या पुढे, तिसरा. म्हणजे विंगेगोरला ६ सेकंद बोनस, कुसला ४. एकोणतीसमधून एकोणीस गेले, बोनसचा फरक म्हणून आणखी दोन गेले. उरले आठ. लांदाने त्याला रेषेवर मागे टाकलं असतं तर चारच उरले असते. दुसऱ्या दिवसापासून संघ कुसच्या मागे उभा राहिला आणि माद्रिदला तो १७ सेकंदांनी जिंकला. आपल्याकडच्या मुंबई-पुणे शर्यतीत घाटात पुढे असणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या दिवशी घाटाचा राजा रोग्लिच होता, पण राज्य तिसऱ्या आलेल्या माणसाने राखलं.

२०२५ ची चढाई मला जास्त शिकवून गेली, कारण तिच्यात काहीच घडलं नाही असं अनेकांना वाटलं. विंगेगोर लाल जर्सीत, पोर्तुगालचा जुआंव आल्मेदा ५० सेकंद मागे. खड्या भागात दोघेच उरले. आल्मेदा पुढे, विंगेगोर त्याच्या मागच्या चाकावर, आणि किलोमीटरमागून किलोमीटर तेच दृश्य. पुढे ये म्हणून आल्मेदाने कितीही खुणावलं तरी विंगेगोरला पुढे यायचं कारण नव्हतं. मागे बसून त्याचे फारसे वॅट वाचत नव्हते, हे वर पाहिलंच. पण अटॅकची वाट बघणं आणि अटॅक करणं यात वाट बघणं स्वस्त पडतं. आल्मेदाचाही हिशेब बरोबर होता. तो एका वेगाचा माणूस, उसळी मारणारा नव्हे. उसळ्यांवर गल्ला उधळण्याऐवजी त्याने भाव चढता ठेवला आणि मागच्याच्या गल्ल्यात उसळीपुरतंही काही उरू दिलं नाही.

आंगलिरूचा माथा मात्र विचित्र आहे. शेवटच्या काहीशे मीटरमध्ये रस्ता सपाट होतो, किंचित उतरतोसुद्धा. वेग एकदम वाढतो आणि इतका वेळ गायब असलेला वारा परत येतो. इथे पुन्हा मागच्या चाकावर बसणाऱ्याचा फायदा. विंगेगोरची चाल इथेच वसूल व्हायची होती. पण आल्मेदा पुढे राहूनच शेवटच्या वळणात शिरला आणि विंगेगोरला त्याला ओलांडता आलं नाही. दोघांची वेळ एकच लागली. बोनस १० आणि ६. पन्नासाचे सेहेचाळीस झाले.