दारामागच्या खिळ्यावरची पिशवी

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. मुंबईतही भोंगे वाजले. त्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी येऊन पडली: टॉर्च, जादा सेल, सुका खाऊ, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, रोख पैसे, शिट्टी, कागदपत्रांच्या प्रती. संध्याकाळपर्यंत तीच यादी चार जणांनी चारदा पाठवली. रात्री कोणीतरी ऑनलाइन मिळणाऱ्या 'सर्व्हायव्हल किट'चा फोटो टाकला. त्यात होकायंत्र, चकमक, घडीचा चाकू आणि तारेची करवत होती. दादरला उतरल्यावर पूर्वेला बाहेर पडायचं की पश्चिमेला, एवढंच दिशाज्ञान पुरणाऱ्या शहरात ही पेटी कशाला लागते, असं मी विचारलं तेव्हा एक-दोघांनी हसरे चेहरे टाकले. एकाने ती मागवलीही होती.

यादी मला मात्र ओळखीची वाटली. लालबागच्या आमच्या खोलीत दारामागे खिळ्याला रेक्झिनची एक पिशवी टांगलेली असे. आई तिला 'कागदांची पिशवी' म्हणायची. काही झालं तर आधी पोरं, मग पिशवी, मग बाकी सगळं, असा घरातला क्रम ठरलेला होता. 'आपत्कालीन सज्जता' हा शब्द आमच्या मजल्यावर कोणाला ठाऊक नव्हता. तरी जवळजवळ प्रत्येक खोलीत अशी एक पिशवी होती, आणि तिच्यातली एकेक वस्तू या शहरावर आलेल्या एकेका प्रसंगाने आत टाकलेली होती.

सगळ्यात आधी आत गेलं ते रेशनकार्ड. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याआधी एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले होते. पुढची पाळी आपली, अशी मुंबईची खात्रीच झाली होती. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या, दिव्यांवर झाकणं आली, जिन्याखाली वाळूच्या बादल्या आल्या. आजी सांगायची, तिच्या चाळीतल्या निम्म्या बायका मुलांना घेऊन कोकणात गेल्या होत्या. मागे राहिलेल्या पुरुषांना स्वयंपाक येत नव्हता, हा त्यातला खरा हाहाकार.

जपानी विमानं काही आली नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या बोटीने पेट घेतला. तिच्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी त्याच बोटीत भरलेल्या होत्या. दुपारी धूर दिसला. दारूगोळ्याच्या बोटीवर लाल निशाण लावायचा नियम होता, ते लावलेलं नव्हतं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा. मांडवी, मशीद बंदर भागातली गोदामं पेटली, त्यात धान्यही गेलं. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासूनचा आठवडा आजही अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठीच. बरेच लोक अखेरपर्यंत हा जपान्यांचा हल्लाच समजत होते, कारण दोन वर्षं शहराची सगळी तयारी आकाशातून येणाऱ्या संकटाची होती आणि संकट आलं गोदीतून. वाळूच्या बादल्या भरून ठेवलेल्या होत्या, पण एवढ्या आगीपुढे बादली ती काय!

असं या शहरात पुढेही घडत आलेलं आहे. मागच्या खेपेची तयारी पुढच्या खेपेला अर्धीच उपयोगी पडते, पण ती अर्धी टाकून द्यायची नसते.

उजेडाचीच गोष्ट घ्या. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घराघरांत होता. चाळीत वीज आल्यावरही तो गेला नाही. दिवे जाण्याचा काही नेम नव्हता. दर शनिवारी आई त्याची काच काढायची, चिमूटभर राख घेऊन वर्तमानपत्राच्या बोळ्याने आतून फिरवायची आणि मग उजेडासमोर धरून बघायची. काजळी राहिली असेल तर पुन्हा एकदा. वात कात्रीने सरळ कापायची, कारण तिरकी वात धूर करते. हे सगळं दिवे असताना, आठवड्याच्या आठवड्याला. आज आमच्या घरात तीन टॉर्च आहेत. परवा तपासले तर दोघांतले सेल पाझरून आतली स्प्रिंग हिरवी पडलेली होती. सेल काढून वेगळे ठेवावेत हे मला माहीत होतं. शनिवार कोणाचा, हे मात्र ठरलेलं नव्हतं.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउट परत आला. एकाहत्तरला मी सहा वर्षांचा होतो. खिडकीला काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, आणि खालून वॉर्डनची आरोळी, "दुसरा माळा, लाइट बंद करा!" गिरणगावाला भोंगा नवा नव्हता. पाळीच्या भोंग्यावर चुली पेटायच्या आणि विझायच्या. त्यामुळे हा वेगळा भोंगा ओळखायला मोठ्यांनी आम्हाला बसवून शिकवलं होतं: वरखाली होणारा म्हणजे धोका, एकसलग वाजणारा म्हणजे संपलं. गृहरक्षक दल याच शहरात डिसेंबर १९४६ मध्ये उभं राहिलं होतं, तेव्हा निमित्त होतं दंगलींचं. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले आणि मोठ्यांची ती शिकवणही विस्मरणात गेली.

पिशवी मात्र जाडच होत गेली, आणि त्याचं कारण खास मुंबईचं आहे. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली आणि राहणाऱ्यांना फोटोपास, म्हणजे फोटो लावलेली ओळखपत्रं, मिळाली. पुढे पुनर्वसनाच्या योजना आल्या आणि पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २००० अशा तारखा पडल्या. त्या तारखेच्या आधीपासून तुम्ही इथे होता, हे दाखवायला कागद लागतो. म्हणजे आगीत खोली गेली तर पुन्हा उभी करता येते, पण कागद गेला तर खोलीवरचा हक्कच जातो. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेल्या खोल्यांच्या चाळीत भाडेपावतीचं तेच. डिसेंबर २०१५ मध्ये कांदिवलीच्या दामूनगरात सिलिंडरचे स्फोट होऊन वस्ती जळाली, तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेली माणसं राखेत काय शोधत असतील, हे मुंबईकराला वेगळं सांगावं लागत नाही. परदेशी याद्यांत कागदपत्रं तळाला असतात. आमच्याकडे ती पहिल्या नंबरावर होती, आणि ते भाबडेपणाने नव्हतं. म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. त्या इमारतींत राहणाऱ्यांची पिशवी तर जूनपासून दसऱ्यापर्यंत खिळ्यावरून खालीच उतरलेली असते.

मग आला २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला जेमतेम ७३. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या दिवसाचा घोळ कळतो. मी फोर्टात ऑफिसात होतो. खिडकीबाहेर नेहमीसारखा पाऊस. कुर्ल्याला आमच्या इमारतीचा तळमजला बुडतोय याचा पत्ता नाही, कारण तोवर फोन लागेनासे झाले होते. दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. शहराची गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, आणि भरतीच्या वेळी तेवढंही पाणी समुद्र घेत नाही. गटारं मोठी करण्याची योजना १९९३ पासून तयार होती. तिच्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चालत घरी पोचलो तेव्हा जिन्याच्या कठड्याला एक हिरवी नऊवारी बांधलेली होती. तिला दुसरी नऊवारी गाठलेली, आणि तिचं टोक समोरच्या विजेच्या बंद खांबाला. तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांना रात्री तिच्या आधाराने वर घेतलं होतं. गाठ मारली होती पहिल्या मजल्यावरच्या आजींनी. "पदराशी बांधू नये, काठाशी बांधावं, काठ फाटत नाही," त्या मला सांगत होत्या, जणू आपण लोणच्याबद्दल बोलतोय. ते ओलं कापड पिळलं जाऊन मनगटाएवढं जाड झालं होतं आणि सोडवायला शेवटी कोयता लागला.

पाणी कमरेखाली आल्यावर कळलं की प्यायलाच पाणी नाही. इमारतीची टाकी जमिनीखाली, तिच्यात गटाराचं पाणी शिरलेलं. विजेचे मीटर तळमजल्यावर, तेही बुडालेले, त्यामुळे पंप बंद आणि वीज यायला कित्येक दिवस. ज्यांच्याकडे जुनी पितळी पिंपं होती त्यांच्यावर सगळी इमारत तीन दिवस तगली. पाणी चोवीस तास येतं म्हणून पिंप मोडीत काढलेली माणसं हंडा घेऊन त्यांच्या दारात उभी होती. त्यात मीही होतो.

त्या पुराने पिशवीत तीन गोष्टी टाकल्या. पहिली, कागदांना प्लास्टिक. ओल्या रेक्झिनमध्ये माझी गुणपत्रिका आणि आईची विम्याची पॉलिसी एकमेकींना चिकटली होती. दुसरी, गाडीत हातोडी. बंद पडलेल्या गाड्यांत काचा खाली होईनात आणि दारं उघडेनात, म्हणून माणसं आतच गुदमरली होती. तिसरी गोष्ट गोळीची. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले, आणि तेव्हापासून महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा आणि प्रतिबंधक औषध घ्या. बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. मनाने घ्यायची ही गोळी नव्हे, गर्भवती आणि लहान मुलांना तर नाहीच.

७२ तास हा आकडा परदेशी याद्यांतही सापडतो, वेगळ्या अर्थाने. सरकारी मदत पोचेपर्यंत तीन दिवस स्वतःच्या बळावर काढता यावेत, असा तो हिशेब. अमेरिकेत त्याच्या मागे अणुयुद्धाच्या भीतीने घरात खोदलेली तळघरं आहेत, चक्रीवादळं आहेत, आणि शेजारी मैलभर लांब असण्याची सवय आहे. चाकू, चकमक, होकायंत्र तिथून आलं. जपानमध्ये १९२३ च्या टोकियो-योकोहामाच्या भूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबरला देशभर कवायत होते आणि दाराशी पिशवी तयार असते. पण त्याच जपानात १९९५ ला कोबेचा भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओढून काढलं होतं. मला या दोघांत जपानची पिशवी आपल्या जवळची वाटते. पंचाण्णवची ती गोष्ट तर आमच्या चाळीचीच म्हणावी लागेल.

आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा डिसेंबर २००५ मध्ये झाला. त्याच्या मागे मुख्यतः २००४ ची त्सुनामी होती. महाराष्ट्राने हा धडा त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घेतला होता. मुंबईत महापालिकेच्या नियंत्रण कक्षाचा १९१६ हा नंबर पुढे लोकांना पाठ झाला. नंबर फोनमध्ये साठवून भागत नाही, कागदावरही लिहावा लागतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड कोसळलं आणि मुंबई महानगरातली वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या दिवशी दुपारी माझा फोन बंद पडला आणि बायकोचाही नंबर मला तोंडपाठ नाही, हे समजलं. लालबागच्या पिशवीत एक वीतभर वही होती. तिच्यात कोपऱ्यावरच्या वाण्याचा, डॉक्टरांचा आणि गावच्या पोस्टाचा नंबर होता.

२९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात पोटविकारांचे एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी ओसरावं म्हणून झाकण काढलेलं होतं. त्यानंतर पालिकेने झाकणांखाली जाळ्या बसवायला घेतल्या. तेव्हापासून जुने मुंबईकर साचलेल्या पाण्यात छत्री मिटून काठीसारखी पुढे टोचत चालतात. डोकं भिजलं तर भिजलं. अशी लांब दांड्याची छत्री कुठल्याही किटमध्ये मिळत नाही. घडीची छत्री या कामाला निरुपयोगी आहे.

मे महिन्यातल्या त्या यादीवर अखेर सोसायटीची मीटिंग झाली. पाऊण तास पार्किंगवर बोलून झाल्यावर विषय निघाला. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना लिफ्ट बंद असताना कोण उतरवणार, दोन नावं ठरली. गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे फक्त वॉचमनला माहीत होतं, ते सगळ्यांना दाखवलं. टाकीचं झाकण दीड फूट वर घ्यायचं ठरलं, अजून घेतलेलं नाही. आणि वीस मीटर नायलॉनचा दोर आणला. तो वॉचमनच्या केबिनमध्ये असायला हवा. गेल्या आठवड्यात बघितलं तर गच्चीवर त्याच्यावर कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या.