जादा वाटेचा झटका की घाबरल्याची धडधड?

ग्रामीण रुग्णालयात "छातीत धडधडते, जीव घाबरा होते" असं सांगणाऱ्याला बहुतेकदा ओआरएस आणि आरामाचा सल्ला मिळतो. वैशाखातल्या उन्हात तो बरेचदा बरोबरही असतो. पण त्यातच अधूनमधून जादा वाटेचे, म्हणजे हृदयात विजेला जन्मतःच आणखी एक रस्ता असलेले पेशंट निसटतात, बहुधा तरुण.

ऊन, ताप, धास्ती किंवा रक्त कमी असल्यानं होणारी धडधड हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते. इथं ठोके नेहमीच्याच जागेतून निघतात, फक्त भरभर. विदर्भात सिकलसेलचे (रक्त कमी करणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच, म्हणून "टेन्शन घेऊ नका" म्हणण्याआधी हिमोग्लोबिन बघाच.

दुसऱ्या प्रकारात मूळ वायरिंगच वेगळं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून वीज खाली उतरते ती एव्ही नोडमधून (वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या गाठीतून), आणि तिथं ती क्षणभर थांबते. काहींना जन्मतःच स्नायूचा आणखी एक बारीक धागा असतो, हीच जादा वाट, आणि त्यावर थांबा नाही. नोडमधून उतरलेली वीज त्या धाग्यातून वर परतली की फेरा बसतो. मग निवांत बसलेल्या माणसाचेही ठोके एका क्षणात मिनिटाला १५० ते २५० होतात आणि तसेच एका क्षणात थांबतात. (नोडच्या आतच फेरा बसला तरी झटका असाच येतो.) म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: सुरू कसं झालं, थांबलं कसं?

झटका थांबल्यावर काढलेल्या ईसीजीवर "नॉर्मल" लिहिण्याआधी पीआर (वीज वरच्या कप्प्यांतून खाली पोचायला लागणारा वेळ) मोजा. तो तीन बारीक चौकोनांपेक्षा, म्हणजे ०.१२ सेकंदांपेक्षा कमी आणि क्यूआरएसचा (खालच्या कप्प्यांच्या उंच लहरीचा) चढ सुरुवातीला तिरपा असेल, तर तो तिरपा चढ म्हणजे डेल्टा लहर. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० साली वर्णन केलेलं चित्र ते हेच. मात्र धागा फक्त खालून वर वीज नेत असेल तर एरवीची ईसीजी पट्टी साफ येते.

झटका चालू असताना, पेशंट शुद्धीवर आणि बीपी ठीक असेल तर त्याला अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोरात फुंकायला लावा. दट्ट्या जेमतेम हलला पाहिजे. लगेच आडवं करून पाय ४५ अंश वर, आणखी १५ सेकंद. नाही थांबलं तर दवाखान्यात अॅडेनोसिन (नोड क्षणभर अडवणारं औषध) ६ मिग्रॅ झपकन शिरेतून, मागोमाग सलाईनचा फ्लश.

पण ठोके अनियमित, क्यूआरएस रुंद आणि वेग अफाट असेल तर अॅडेनोसिन, व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन या नोड दाबणाऱ्या औषधांतलं काहीही देऊ नका. तेव्हा एट्रियल फिब्रिलेशनची (वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरीची) वीज धाग्यातून थेट खाली येत असते. नोड दाबला तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (खालच्या कप्प्यांची तशीच थरथर) होऊन जीव जाऊ शकतो. बीपी पडलं असेल तर विजेचा शॉकच. घरी कोणी बेशुद्ध पडलं किंवा छातीत दुखू लागलं तर फुंकण्यात वेळ न घालवता १०८.

धागा कायमचा बंद करायचा उपाय म्हणजे अब्लेशन: जांघेतल्या शिरेतून तार नेऊन तो जाळतात. त्यासाठी नागपूरला पाठवताना झटक्यातली पट्टी सोबत द्या, आणि आधी तिचा मोबाइलवर फोटो काढा. थर्मल कागद उन्हानं काळवंडतो.