विनामूल्य मैफलीचे पैसे कोण देते: वर्गणीपासून जुळणी अनुदानापर्यंत

उद्यानात, तिकीट न लावता होणारी मैफल सभागृहातल्या मैफलीपेक्षा स्वस्तात पडते, असा एक समज आहे. हिशेब मांडला की उलटे दिसते. सभागृहात भिंती, छप्पर, वीज, खुर्च्या, स्वच्छतागृहे आयती मिळतात. मोकळ्या मैदानात हे सगळे एका संध्याकाळपुरते उभारून रात्रीतून उतरवावे लागते. वादकांचे मानधन, ध्वनियंत्रणा आणि ती चालवणारे तंत्रज्ञ, मंच, जनरेटर आणि त्याचे डिझेल, फिरती स्वच्छतागृहे, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिका, विमा, संगीताच्या जाहीर वापराचा परवाना, दुसऱ्या दिवशीची सफाई. तिकीट नाही म्हणून यातले एकही कलम गळत नाही. गळते ते फक्त उत्पन्न.

त्यामुळे या मैफलींचा इतिहास पैसे देणाऱ्यांच्या बाजूने पाहिला तर जास्त उलगडतो. वार कोणता, जागा कोणती, वाद्ये कोणती, हे बहुतेक वेळा खर्च कोण उचलतो यावरूनच ठरत आले आहे.

सुरुवातीचा झगडा वारावरून झाला. लंडनमध्ये १८५५ साली सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख सर बेंजामिन हॉल यांनी केन्सिंग्टन गार्डन्समध्ये रविवारी लष्करी बँड वाजवायला परवानगी दिली. पुढच्या वर्षी रीजंट्स पार्क आणि व्हिक्टोरिया पार्कमध्येही बँड वाजू लागले. कामगारांना सुट्टी मिळे ती रविवारीच, त्यामुळे गर्दी मोठी होई. पण तोच प्रार्थनेचा दिवस. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी पंतप्रधान पामर्स्टन यांच्याकडे हरकत घेतली आणि मे १८५६ मध्ये सरकारने हे बँड थांबवले. मग लोकांनी आपसात वर्गणी काढून खासगी बँड आणले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पहिली मैफल ९ जुलै १८५९ रोजी झाली, तीही वर्गणीतूनच. तिथल्या मैफली शनिवारी होत. शनिवार हा तेव्हा कामाचा दिवस असल्याने ज्यांच्यासाठी उद्यान बांधले असे सांगितले जात होते, ते लोक त्या वेळी कारखान्यात असत. रविवारच्या मैफली सुरू व्हायला १८८४ उजाडले. प्रवेश मोफत ठेवला म्हणजे सगळ्यांसाठी दार उघडले असे होत नाही, हे त्या पंचवीस वर्षांत स्पष्ट दिसले. आजही मालिकेचे वार आणि वेळ ठरवताना आधी पाहायला हवे की परिसरातली माणसे कामावरून किती वाजता सुटतात आणि परतीची शेवटची बस कधी आहे.

वाद्यांची निवड भौतिकशास्त्राने केली. उघड्यावर आवाज परत फेकायला भिंत नसते, आणि अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. दहाव्या मीटरवर जे ऐकू येते ते विसाव्यावर ६ डेसिबलने आणि चाळिसाव्यावर १२ डेसिबलने कमी. व्हायोलिनचा आवाज एवढ्यात वाऱ्यावर विरून जातो, पितळी वाद्यांचा टिकतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या उद्यानात वाद्यवृंदाऐवजी बँड दिसतो. बँडस्टँडची घडणही त्यातूनच आली. जमिनीपासून उंचावलेला अष्टकोनी किंवा गोल चौथरा, बारीक लोखंडी खांब आणि आवाज खाली व बाहेर ढकलणारे छत. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनच्या बागेत १८६१ साली असे लोखंडी बँडस्टँड उभे राहिले आणि मग शहराशहरांत त्यांची नक्कल झाली. त्यांचा एक दोष असा की आवाज चारी दिशांना वाटला जातो. श्रोते एकाच बाजूला बसले तर बाकीचा आवाज झाडांना ऐकवल्यासारखा वाया जातो. पुढे आलेल्या शिंपल्याच्या आकाराच्या मंचाने, म्हणजे शेलने, हा दोष दूर केला. पाठीमागची वक्र भिंत आवाज गोळा करून समोर फेकते, त्यामुळे तंतुवाद्यांनाही बाहेर जागा मिळाली.

सेंट्रल पार्कमधला असा शेल १९२३ साली उभा राहिला. एल्कन नॉमबर्ग या बँकरने त्यासाठी सव्वा लाख डॉलर दिले. पण मला त्यांची दुसरी देणगी जास्त मोलाची वाटते. १९०५ पासून ते त्याच उद्यानात विनामूल्य मैफलींचा खर्च भागवत होते, आणि त्यांच्यानंतर मुलांनी तो पुढे चालवला. ती मालिका आजही सुरू आहे. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर नाव कोरता येते. दरवर्षीच्या मानधनाला आणि विजेच्या बिलाला तो मिळत नाही. अमेरिकेत आणि इतरत्रही कित्येक बँडस्टँड सुस्थितीत उभे असून मुके का, याचे उत्तर यात आहे.

खासगी दात्याखेरीज आणखी दोन वाटा त्या काळात पडल्या. ट्राम कंपन्यांनी मार्गाच्या शेवटच्या टोकाला उद्याने काढली, तिथे बँड ठेवला आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या धावणाऱ्या गाड्या भरल्या. मैफलीचा खर्च प्रवासभाड्यातून निघे. मोटारी आल्या, ट्रामचे प्रवासी घटले, आणि त्याबरोबर हे बँडही गेले. दुसरी वाट कराची. आयोवा राज्याने १९२१ साली बँडसाठी कायदाच केला. मेजर जॉर्ज लँडर्स या बँडप्रमुखाने त्यासाठी खटपट केली होती. गावातल्या मतदारांनी अर्ज करायचा, त्यावर मतदान घ्यायचे आणि कौल मिळाला तर नगरपालिकेने बँडसाठी छोटा कर लावायचा. रक्कम फार नसे, पण ती दरवर्षी येई, कुणापुढे हात पसरावा लागत नसे, आणि कर नको असेल तर तो काढून टाकण्याचा अधिकारही मतदारांकडेच राही. इतर राज्यांनी पुढे असे कायदे केले. लहान गावासाठी याहून सरळ व्यवस्था मला दिसत नाही.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि चित्रपटगृहांत मूकपटांना साथ देणारे हजारो वादक बेकार झाले. पाठोपाठ महामंदी आली. १९३५ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने फेडरल म्युझिक प्रोजेक्ट सुरू करून वादकांना पगार देऊन जाहीर मैफली करवल्या. त्याच वर्षी शिकागोत वादक संघटनेचे प्रमुख जेम्स पेट्रिलो यांच्या पुढाकाराने ग्रँट पार्कमधल्या विनामूल्य मैफली सुरू झाल्या. सरकारी रोजगार योजनेतून ठिकठिकाणी शेलही बांधले गेले. मेम्फिस शहरातल्या ओव्हरटन पार्कचा शेल त्यातलाच, १९३६ चा, खर्च ११,९३५ डॉलर. दुसऱ्या महायुद्धात रोजगाराची गरज संपली तशी योजना गुंडाळली गेली. मंच मात्र मागे राहिले, वाजवणाऱ्यांना पगार देणारे कोणी उरले नाही.

यानंतरचा टप्पा या सगळ्या इतिहासात सर्वांत कल्पक आहे. पेट्रिलो आता वादकांच्या देशभरच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांचा मुद्दा असा होता की वादक एकदा ध्वनिमुद्रण करतो, आणि तीच तबकडी रेडिओवर आणि नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रांत फिरून त्याचीच पुढची कामे हिसकावते. १ ऑगस्ट १९४२ पासून संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेका कंपनी १९४३ मध्ये नमली, आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ मध्ये. विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे ठराविक रॉयल्टी एका निधीत जमा करायची आणि त्यातून वादकांना मानधन देऊन लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम करायचे, असे ठरले. १९४७ च्या टाफ्ट–हार्टली कायद्याने मालकांनी संघटनेच्या ताब्यातल्या अशा निधीत पैसे भरण्याला मनाई केली. संघटनेने १९४८ मध्ये पुन्हा बहिष्कार केला, आणि डिसेंबरमध्ये तोडगा निघाला. निधी राहील, पण तो कंपन्यांच्याही नाही आणि संघटनेच्याही नाही अशा स्वतंत्र विश्वस्ताकडे. हाच म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड.

त्याच्या अटी साध्या होत्या. प्रवेश विनामूल्य हवा आणि वादकांना त्या भागातला संघटनेने ठरवलेला दर मिळायला हवा. पैसा मानधनासाठीच असे. मंच, ध्वनियंत्रणा, जाहिरात हे स्थानिक यजमानाने पाहायचे, म्हणजे उद्यान विभाग, ग्रंथालय, शाळा किंवा रुग्णालयाने. पुढे मानधनातला हिस्साही सहप्रायोजकाने उचलण्याची पद्धत रूढ झाली. अर्ज करणाऱ्यांची चूक इथेच होई. मानधन मंजूर झाले म्हणजे मैफल पक्की, असे धरून चालत आणि वीज, छप्पर, विमा यांची तजवीज शेवटच्या आठवड्यावर जाई. निधीचा मूळ कमकुवतपणा मात्र वेगळा होता. तो एकाच झऱ्यावर उभा होता. या शतकाच्या सुरुवातीला तबकड्यांची विक्री कोसळली, तसा तोही आटत गेला.

१९६० च्या दशकात मैफल लोकांच्या दाराशी जाऊ लागली. १९६४ साली पियानोवादक बिली टेलर यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जॅझमोबाइल सुरू झाले, म्हणजे चाकांवरचा मंच थेट गल्लीत. १९६५ पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिक शहराच्या उद्यानांत विनामूल्य वाजवू लागली. तोवर ध्वनिवर्धक सुधारले होते आणि मोठ्या मैदानावर शंभर वादकांचा वृंद ऐकवणे शक्य झाले होते. त्यातही एक खोच असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचापासून ७० मीटरवर दुसरे ध्वनिवर्धक लावले तर त्यांना सुमारे ०.२ सेकंद उशीर द्यावा लागतो. तो दिला नाही तर मागच्या श्रोत्यांना प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येतो. ध्वनियंत्रणेच्या कलमात काटछाट करणारे बहुधा हेच मागचे ध्वनिवर्धक वगळतात, आणि मग पुढच्यांच्या कानठळ्या बसतात, मागचे गप्पा मारत बसतात.

१९६९ च्या उन्हाळ्यात हार्लेमच्या माउंट मॉरिस पार्कमध्ये सहा रविवारी हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल झाला. शहराचा उद्यान विभाग आणि मॅक्सवेल हाउस ही कॉफी कंपनी पाठीशी होती. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियात आल्टमाँट येथे झालेल्या विनामूल्य मैफलीत चार माणसे दगावली. त्या दुर्घटनेचे मूळ बरेचसे पैशाच्या बोलणीत आहे. आधी ठरलेल्या मैदानाच्या मालक कंपनीशी आगाऊ रक्कम आणि चित्रीकरणाचे हक्क यांवरून फिसकटले, आणि अगदी शेवटच्या क्षणी जागा बदलली. मंच होता जेमतेम एक मीटर उंच. पहिल्या जागी तो उतारावर वरच्या बाजूला येणार होता, इथे तो उताराच्या तळाशी आला, त्यामुळे मागून येणारी गर्दी सरळ मंचावर लोटू लागली. स्वच्छतागृहे आणि वैद्यकीय मदत अपुरी पडली. तिकीट नसले की किती लोक येणार याचा अंदाजच राहत नाही. म्हणून विनामूल्य मैफलीत मंचाची उंची, अडथळ्यांची रांग आणि आपत्कालीन गाडीचा मोकळा रस्ता यांचा खर्च सर्वांत आधी बाजूला काढावा लागतो.

फ्रान्सने २१ जून १९८२ रोजी अगदी वेगळी वाट धरली. सांस्कृतिक मंत्री जॅक लांग आणि संगीत विभागाचे मॉरिस फ्लरे यांनी फेत द ला म्युझिक सुरू केली. त्या दिवशी कुणीही, कुठल्याही चौकात, मानधन न घेता वाजवावे. खर्चाचे सर्वांत मोठे कलमच नाहीसे झाल्याने ही कल्पना जगभर पसरली. वर्षातल्या एका दिवसासाठी ती उत्तम आहे. दर आठवड्याच्या मालिकेसाठी नाही, कारण ज्याचे पोट वाजवण्यावर आहे त्याला दर आठवड्याला फुकट बोलावता येत नाही.

सध्या अमेरिकेत अनेक शहरांत दिसणाऱ्या एका रचनेची घडण मॉर्टिमर लेविट यांच्या पैशातून झाली. शर्टांच्या दुकानांच्या साखळीतून ते श्रीमंत झाले. पत्नी मिमी यांच्यासह त्यांनी १९६३ साली प्रतिष्ठान काढले, आणि १९७४ साली कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्ट गावात त्यांच्या देणगीतून खुले प्रेक्षागृह उभे राहिले. या शतकात प्रतिष्ठानाने बंद पडलेले जुने शेल शोधले: २००३ मध्ये पासाडेना, २००७ मध्ये लॉस एंजलिसचे मॅकआर्थर पार्क, २००८ मध्ये मेम्फिस. वाटणी अशी की जागा शहराची, बांधकामाला आणि चालू खर्चाला प्रतिष्ठानाचा हातभार, आणि रोजचा कारभार स्थानिक बिनफायदा संस्थेकडे. अपेक्षा वर्षाला ५० विनामूल्य मैफलींची.

कायमचा मंच न परवडणाऱ्या लहान शहरांसाठी २०१५ पासून जुळणी अनुदान आले. २५,००० डॉलर प्रतिष्ठानाचे, तेवढेच गावाने जमवायचे, आणि एखाद्या दुर्लक्षित सार्वजनिक जागेत दहा मैफलींची मालिका करायची. भागाकार केला तर एका संध्याकाळीला ५,००० डॉलर येतात. एकाच मोठ्या नावावर सगळे उधळण्यापेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचे वाटते. दहा आठवड्यांत एक संध्याकाळ पावसाने गेली तर नऊ उरतात. दर वेळी वेगळ्या धाटणीचे संगीत ठेवले की गावातले वेगवेगळे समाज आपापल्या आठवड्याला येतात, आणि त्यातले काही पुढच्या आठवड्यालाही थांबतात. शेजारच्या सतरंजीवरची ओळख तिसऱ्या-चौथ्या भेटीत होते, पहिल्या नाही. नंतर हे अनुदान वर्षाला ३०,००० डॉलर याप्रमाणे सलग तीन वर्षांचे झाले. एका वर्षात प्रायोजक तयार होत नाही, त्याला मालिका आधी पाहावी लागते.

जुळणी जमवताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. वस्तुरूप मदत, म्हणजे कुणी छापून दिलेली पत्रके किंवा उसना दिलेला तंबू, कागदावर रकमेत मोजली जाते, पण वादकाचा धनादेश त्यातून निघत नाही. दुसरा घोटाळा पावसाचा. मैफल त्याच दिवशी रद्द झाली तरी मानधन आणि भाडे बहुधा द्यावेच लागते. त्यामुळे रद्द करण्याचा निर्णय कोण घेणार, किती वाजेपर्यंत घेणार आणि पर्यायी छताखालची जागा कोणती, हे करारातच लिहून ठेवायला हवे.

मेम्फिसच्या शेलने २०२२ साली लेविटचे नाव सोडले आणि तो पुन्हा ओव्हरटन पार्क शेल झाला. तिथल्या विनामूल्य मालिकेला आता ओरियन या स्थानिक सहकारी पतसंस्थेचे नाव आहे, आणि तिला हातभार म्हणून हंगामातल्या काही संध्याकाळी तिकीट लावले जाते.