काळ मागेपुढे उड्या मारणाऱ्या युद्धकादंबरीवरचा निबंध: आमच्याकडे येण्याआधी हे वाचा

शाळेने निबंधासाठी ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ (१९६९) किंवा ‘कॅच-२२’ (१९६१) दिली असेल, तर पहिल्या काही पानांतच डोकं गरगरतं. एका परिच्छेदात माणूस बर्फात कुडकुडणारा युद्धकैदी असतो, पुढच्यात चष्म्याचे नंबर काढणारा, पोट सुटलेला गृहस्थ. मग बहुतेक विद्यार्थी एकच उपाय करतात: विस्कटलेली गोष्ट सरळ लावून निबंधात उतरवतात. चार पानं भरतात, मेहनतही दिसते, पण गुण मिळत नाहीत. गोष्ट काय आहे हे शिक्षकांना ठाऊक असतं. ती याच क्रमाने का सांगितली, हे त्यांना तुमच्याकडून हवं असतं.

आमचं सगळं काम या ‘का’भोवती चालतं. निबंध आम्ही लिहून देत नाही, मागितला तरी नाही. तोंडी दोन प्रश्न विचारले की दुसऱ्याने लिहिलेला निबंध उघडा पडतो, आणि या कादंबऱ्यांवर तर फारच लवकर. आम्ही तीन बैठका घेतो. पहिलीत प्रश्न फोडून आराखडा करतो, दुसरीत तुमचा कच्चा खर्डा ओळीओळीने वाचतो, तिसरीत भाषा, अवतरणं आणि पानांचे संदर्भ तपासतो. पहिली आणि दुसरी बैठक यांत किमान चार दिवसांचं अंतर लागतं, कारण मधलं लिखाण तुमचं असतं.

येताना काय आणायचं

प्रश्न शाळेने दिला तसाच, शब्दही न बदलता. गुणदानाचे निकष. शब्दमर्यादा. आणि तुमचीच प्रत. मित्राच्या प्रतीतले पान क्रमांक जुळत नाहीत आणि शेवटच्या रात्री सगळे संदर्भ पुन्हा शोधावे लागतात. प्रश्न नेमका माहीत नसेल तर बैठक पुढे ढकला. ‘काहीतरी वेळेच्या मांडणीबद्दल आहे’ एवढ्यावर आराखडा होत नाही.

दोन क्रम, दोन रंग

पहिल्या बैठकीआधी एक काम घरी करून या. पोस्टकार्डाच्या आकाराच्या २५ ते ३० चिठ्ठ्या कापा. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रसंग आणि चार नोंदी: प्रकरण व पान, घटनेचं वर्ष, माणूस कुठे आहे, आणि या प्रसंगातून पुढच्या प्रसंगात उडी कशावरून मारली. पुस्तकातला अनुक्रम एका रंगात लिहा. मग चिठ्ठ्या वर्षांप्रमाणे लावा आणि तो अनुक्रम दुसऱ्या रंगात. आता प्रत्येक चिठ्ठीवर दोन आकडे झाले. ते जिथे एकमेकांपासून फार लांब आहेत, तिथे निबंधाचा माल आहे.

‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’साठी वर्षांचे खुंटे कादंबरीतच मिळतात. नायक बिली पिल्ग्रिम स्वतःच्याच आयुष्यात काळातून मागेपुढे घसरत राहतो. त्याचा जन्म १९२२चा, तो पकडला जातो डिसेंबर १९४४मध्ये, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर बॉम्ब पडतात १३ फेब्रुवारी १९४५ला, परग्रहवासी त्याला पळवतात १९६७मध्ये, विमान अपघात १९६८मध्ये. त्याचा मृत्यू १३ फेब्रुवारी १९७६चा आहे. ड्रेस्डेनचीच तारीख, हे चिठ्ठ्या लावताना आपोआप दिसतं. नुसतं वाचताना निसटतं.

चौथी नोंद, म्हणजे उडी कशावरून मारली, विद्यार्थी हमखास रिकामी सोडतात. सर्वांत मोलाची तीच. युद्धकैद्यांच्या गाडीवर नारिंगी-काळ्या पट्ट्यांचं निशाण आहे; बऱ्याच वर्षांनी बिलीच्या मुलीच्या लग्नाचा मांडवही नारिंगी-काळ्या पट्ट्यांचाच. थंडीने निळे पडलेले, हस्तिदंतासारखे पाय युद्धातही दिसतात आणि घरातही. काळ तुटतो, पण रंग आणि वास तुटत नाहीत. असे दोन धागे पानांसकट हाती आले की एक अख्खा परिच्छेद उभा राहतो.

‘कॅच-२२’मध्ये तारखांवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे घड्याळ वेगळं आहे: बॉम्बफेकी विमानांतल्या सैनिकांना घरी जाण्यासाठी पुऱ्या कराव्या लागणाऱ्या उड्डाणांचा आकडा. त्यांचा वरिष्ठ कर्नल कॅथकार्ट तो वाढवतच राहतो. सुरुवातीच्या प्रकरणांत तो ५० होतो, शेवटाकडे ८०. प्रसंग आधीचा की नंतरचा असा प्रश्न पडला की जवळपास कुठे हा आकडा आलाय का ते बघा. सगळे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. तेव्हा ‘साधारण या टप्प्यावर’ असं लिहा आणि पुढे चला. जुळवाजुळवीत दोन दिवस घालवू नका. या कादंबरीची ४२ प्रकरणं आहेत, बहुतेकांना माणसांची नावं आहेत, आणि स्नोडेन नावाच्या सैनिकाचा मृत्यू तुकड्यातुकड्याने परत परत येत शेवटी ४१व्या प्रकरणात पूर्ण उघडा होतो. त्या एका प्रसंगाच्या सगळ्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा. प्रत्येक वेळी कोणती नवी माहिती मिळाली, एवढं लिहिलंत तरी अर्धा निबंध हातात आला.

मुख्य विधान कसं घट्ट करायचं

‘लेखकाने काळ विस्कटून युद्धाची भीषणता प्रभावीपणे दाखवली आहे.’ हे वाक्य कुठल्याही युद्धकादंबरीला लावता येतं, म्हणून ते याही कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही. आमची कसोटी सोपी आहे: पुस्तकाचं नाव झाकून वाक्य वाचा. तरीही कोणत्या पुस्तकाबद्दल आहे ते कळलं, तर विधान चालेल.

‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’मधल्या एडगर डर्बी या युद्धकैद्याचं उदाहरण घ्या. पहिल्याच प्रकरणात निवेदक सांगून टाकतो की पुस्तकाचा उत्कर्षबिंदू म्हणजे बिचाऱ्या डर्बीला दिलेला मृत्युदंड असेल. उद्ध्वस्त शहरात एक चहाची किटली उचलली म्हणून हा शिक्षक गोळी खातो. वाचक शेवटपर्यंत त्या प्रसंगाची वाट बघतो. आणि शेवटच्या, दहाव्या प्रकरणात तो मोजक्या कोरड्या वाक्यांत उरकला जातो. आता विधान असं होऊ शकतं: ‘मृत्यू आधी जाहीर करून आणि नंतर घाईने उरकून कादंबरी उत्कर्षबिंदूच नाकारते, कारण तिच्या मते कत्तलीला शिखर नसतं.’ हे पटो वा न पटो, वाद घालता येईल असं आहे. एवढंच पुरे.

आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आठव्या प्रकरणात चार गायकांचं गाणं ऐकून बिली हादरतो आणि ड्रेस्डेनची रात्र त्याला आठवते. कादंबरी मुद्दाम नोंदवते की इथे तो काळात उडी मारत नाही, त्याला आठवतं. इतर वेळी प्रवास आणि इथेच स्मरण, असं का? या एका फरकावर चांगला निबंध पुरा होतो.

पालुपदाचं काय करायचं

‘सो इट गोज’, म्हणजे साधारण ‘चालायचंच’, हे मृत्यूनंतर येणारं पालुपद शंभराहून जास्त वेळा येतं. निबंधात किती वेळा आलं ते मोजून लिहिणं म्हणजे विश्लेषण नव्हे. तीन जागा निवडा, एकमेकींपासून शक्य तितक्या लांबच्या: माणसाचा मृत्यू, कैद्यांच्या कपड्यांतल्या उवांचा मृत्यू, आणि फसफस गेलेली शॅम्पेन. तिन्हींना एकच शब्द लावले की काय होतं? माणूस स्वस्त होतो की उवही मोजली जाते? दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. मात्र बाजू एक घ्या.

आपल्याकडचं ‘चालायचंच’ सांत्वनाचं असतं, हे मराठीत विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कादंबरीतलं तसंच आहे असं गृहीत धरू नका.

जिथे गुण जातात

सर्वांत मोठी गळती ‘नंतर’ या शब्दातून होते. ‘नंतर बिली रुग्णालयात जातो’ म्हणजे पुस्तकात नंतर, की आयुष्यात नंतर? सरळ कादंबरीत दोन्ही एकच, इथे नाही. निबंध इंग्रजीत असेल तर कथानक वर्तमानकाळात सांगायची रीत असते, त्यामुळे क्रियापदाच्या काळाचीही मदत मिळत नाही. उपाय: प्रत्येक प्रसंगाला दोन्ही पत्ते द्या, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या प्रकरणात, १९४४च्या प्रसंगात’. दिसायला अवजड, पण तपासणाऱ्याला क्षणभरही थांबावं लागत नाही.

दुसरी चूक: निवेदक, लेखक आणि नायक यांची भेळ. ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’चे लेखक कर्ट व्हॉनेगट स्वतः ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी होते आणि कत्तलखान्याखालच्या मांस साठवायच्या तळघरात वाचले, हे खरं. पहिल्या प्रकरणातला ‘मी’ त्यांच्या फार जवळचा आहे, हेही खरं. पण काळातून घसरतो तो बिली. ‘व्हॉनेगट काळात प्रवास करतात’ असं वाक्य दिसलं की आम्ही तांबडी रेघ मारतो.

तिसरी: पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक ताणविकार. हा शब्द निदानाच्या अधिकृत यादीत आला १९८०मध्ये, कादंबरी १९६९ची. तेव्हा ‘लेखकाने पीटीएसडी दाखवला’ असं न लिहिता ‘आज ज्याला पीटीएसडी म्हणतात त्याच्याशी ही लक्षणं जुळतात’ असं लिहा. परग्रह खरा की बिलीच्या मनाचा खेळ, याचा निवाडा करत बसू नका. बिलीने युद्धानंतर रुग्णालयात वाचलेल्या विज्ञानकथांशी परग्रहाचे तपशील जुळतात, एवढा पुरावा द्या आणि दोन्ही वाचनं उघडी ठेवा.

चौथी चूक आकड्यांची आहे. कादंबरीत ड्रेस्डेनच्या मृतांचा आकडा १,३५,००० येतो. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१०मध्ये तो जास्तीत जास्त २५,००० ठरवला. कादंबरीतला आकडा इतिहास म्हणून लिहिलात तर चूक. ‘कादंबरीत दिलेला’ म्हणून लिहिलात तर बरोबर.

शब्दांचं वाटप

१२०० शब्दांचा निबंध असेल तर प्रस्तावना १२०, तीन मुद्दे प्रत्येकी ३००च्या आसपास, शेवट १०० ते १२०. उरलेले शब्द हाताशी राहू द्या, दुसऱ्या खर्ड्यात ते लागतात. अवतरणं सहा ते आठ, एकेक बारा शब्दांच्या आत. लांब अवतरण तुमची जागा खातं. निबंध कादंबरीसारखा विस्कटलेला लिहायचा मोह काहींना होतो. तो टाळा, विषय वाकडा असला की मांडणी सरळ लागते.

मुदतीला किमान दहा दिवस असताना या. पाचच दिवस उरले असतील तर दोन बैठका होतात, भाषेची बैठक गळते. दोन दिवस उरले असतील तर एकच बैठक मिळेल, तीही खर्डा लिहून आणलात तरच. त्या बैठकीत आम्ही दोनच गोष्टी बघतो: मुख्य विधान, आणि निबंधातला प्रत्येक ‘नंतर’.