मंगलोरी कौलं गोव्याच्या छपरावर कशी आली

नवं घर बांधायला घेतलं की कौलांच्या दुकानात पहिला प्रश्न रंगाचा निघतो: लाल की चॉकलेटी? मग मातीचं की सिमेंटचं, आणि कौलासारखा दिसणारा पत्रा चालेल का, हे ओघाने येतं. छप्पर कसं असणार, हे मात्र क्वचितच कुणी आधी विचारतं. मंगलोरी कौलाचा इतिहास पाहिला तर तोच प्रश्न पहिला यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

हे कौल यायच्या आधी गोव्यातल्या घरांवर नळे असत. कुंभाराने चाकावर नळकांडं ओढायचं आणि ओलं असतानाच उभं चिरून त्याचे दोन भाग करायचे. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. नळ्याला धरून ठेवणारं काही नसे, तो आपल्या वजनावर बसे. माकडं धावली, वारा घुसला की सरके, आणि जिथे सरकला तिथे आत धार लागे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात याचा अर्थ एकच होता: पावसाच्या तोंडावर शाकारणी. नळे उतरवायचे, झाडायचे, फुटके बाजूला काढायचे आणि पुन्हा ओळी लावायच्या. ज्यांना नळेही परवडत नसत, त्यांच्या डोक्यावर गवत किंवा माडाच्या चुडतांची झापं.

यावरचा उपाय दूर युरोपात निघाला. फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातल्या गिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचं पेटंट घेतलं. पुढे मार्सेय शहराच्या परिसरात ही कौलं मोठ्या प्रमाणावर बनू लागली आणि जहाजांतून जगभर गेली. मंगळूरला ती विद्या बासल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने आणली. धर्मांतरामुळे ज्यांचा जातीचा धंदा सुटला होता, त्यांना काम देणं मिशनला भाग होतं. मंगळूरजवळच्या नेत्रावती नदीकाठची चिकणमाती उत्तम होती. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याच्या पुढाकाराने १८६५ साली मंगळूरच्या जेप्पू भागात कारखाना उभा राहिला. मग कोझिकोड, फेरोक इथेही मिशनचे कारखाने निघाले आणि मंगळूरच्या स्थानिक उद्योजकांनीही आपल्या भट्ट्या पेटवल्या.

तिथून कौलं गलबतांतून किनाऱ्याने वर सरकली. राज्य पोर्तुगीजांचं असो की इंग्रजांचं, पाऊस तोच होता. गोव्यात वाडे, देवळं आणि साधी घरं, सगळ्यांनीच ती उचलली.

असं एखादं कौल हातात घेऊन उलटून बघा. पाठीवर पुढे आलेली टोकं असतात, ती रिपेला, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्टीला अडकतात, म्हणून कौल खाली घसरत नाही. बाजूंना खाचा असतात, शेजारचं कौल त्यांत बसतं. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं पुरतात, त्यामुळे दुहेरी नळ्यांपेक्षा छप्पर हलकं होतं. फटींतून गरम हवा आणि चुलीचा धूर बाहेर पडतो. एखादं फुटलंच तर खालून सरकवून दुसरं बसवता येतं. बासल मिशनच्या जुन्या कौलांवर १८६५ हा आकडा दिसतो, तो कारखान्याच्या स्थापनेचा. मोडलेल्या घराची कौलं विकणारा हे त्या कौलाचंच वय म्हणून सांगत असेल, तर त्यावर जास्त पैसे मोजू नका.

म्हणजे हे कौल एकट्याने काम करत नाही. तीव्र उतार, वासे, रिपा आणि खालून खेळणारी हवा, या सगळ्यांचं मिळून ते छप्पर होतं. आज गोव्यात उतरत्या स्लॅबवर सिमेंटमध्ये कौलं चिकटवतात. बाहेरून घर गोव्याचं दिसतं, पण आतला स्लॅब तापायचा तो तापतोच. कौल फुटलं तर छिन्नीने उकरावं लागतं, आणि पाणी अडवायचं खरं काम स्लॅबवरच पडतं. एवढं करून शोभेपुरतंच कौल लावायचं, हे मला पटत नाही. त्यापेक्षा सपाट स्लॅबच्या वर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर रिपा मारून कौलं घालणं बरं. मधली हवा उष्णता अडवते आणि कौल आपलं काम करतं. समुद्राजवळ मात्र त्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून रंग वेळोवेळी द्यायला हवा, आणि वाऱ्याच्या बाजूची कौलं तारेने बांधायला हवीत.

छप्पर ठरलं की कौल पारखणं अवघड नाही. बोटाच्या पेराने वाजवा: नीट भाजलेलं खणखणतं, कच्चं किंवा तडकलेलं बद्द वाजतं. पाणी जास्त पिणाऱ्या कौलावर शेवाळ लवकर चढतं आणि ओलं छप्पर जडही होतं, म्हणून दोन-चार नमुने रात्रभर पाण्यात ठेवून आधी आणि नंतर वजन करावं. रिपांमधलं अंतर आलेल्या कौलावरूनच घ्यावं. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा असतो, एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. तेव्हा थोडी जास्तीची कौलं त्याच खेपेत मागवून पोटमाळ्यावर ठेवावीत.